खतावणीतील हरवलेले पान

परभणीचा मोंढा असो, सेलू-मानवतच्या जिनिंगचा परिसर असो वा जिंतूरची जुनी पेठ असो, आपल्या व्यापारी घरांत एक गोष्ट सारखीच आढळते. दुकानाचा जमाखर्च पै-पैने लिहिलेला असतो. परंतु घरातील आजारांचा हिशेब कोठेही लिहिलेला नसतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांविषयी आपण निदान बोलतो तरी. मनाच्या आजाराचा विषय निघाला की मात्र घरातील मोठी माणसे दार लोटून घेतात.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. अडत दुकान आहे, तीन भावांचे एकत्र कुटुंब आहे. मधल्या भावाचा मुलगा हुशार म्हणून पुण्याला शिकावयास गेलेला. दुसऱ्या वर्षी तो अचानक परत येतो. रात्र रात्र जागतो, जेवत नाही, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे म्हणतो, एकटाच कोणाशीतरी बोलतो. घरचे त्याला प्रथम नजर लागली म्हणतात, मग अभ्यासाचा ताण म्हणतात. डॉक्टरांकडे न्यावे असे आईला वाटते. पण मोठ्या बहिणीचे स्थळ ठरत आलेले असते. ‘लग्न होऊन जाऊ दे, मग बघू,’ असा निर्णय होतो आणि त्यात वर्ष निघून जाते. आजी म्हणते, ‘आपल्या घराण्यात असले कधी नव्हते.’ या वाक्याचा न बोललेला अर्थ सर्वांना कळतो, आणि आईची मान खाली जाते.

हे कोणा एका घराचे वर्णन नव्हे. अशी घरे प्रत्येक गावात आहेत, प्रत्येक समाजात आहेत. त्या आजीच्या वाक्यात जो प्रश्न दडलेला आहे, त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे. मनोविकार घराण्यातून येतो का? येत असेल तर कसा येतो? आणि हे कळल्याने घराला काही लाभ होतो, की केवळ कलंक वाढतो?

दोन प्रकारच्या चुका

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात आणि त्यांत सुमारे २० हजार जनुके, म्हणजे शरीर घडविणाऱ्या सूचना, लिहिलेल्या असतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही एक प्रचंड खतावणी आहे, आणि तिच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात.

खतावणीत चुका दोन प्रकारच्या होऊ शकतात. पहिल्या प्रकारात हजारो नोंदींत दोन-चार पैशांचा फरक पडतो. एकेका नोंदीने काही बिघडत नाही, पण सारे फरक एकाच दिशेने साचले तर ताळेबंद जुळत नाही. दुसऱ्या प्रकारात एखादे पानच फाटून जाते, किंवा एखाद्या मोठ्या रकमेचा आकडा चुकतो. अशी चूक क्वचित घडते, पण घडली तर तिचा परिणाम मोठा असतो.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या आजाराच्या संशोधनात हे दोन्ही प्रकार आढळले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एका अभ्यासात सुमारे ७६ हजार रुग्णांची तुलना निरोगी व्यक्तींशी केली होती. त्यात जनुकसंचातील २८७ जागी असे सामान्य बदल सापडले, जे आपल्यापैकी बहुतेकांत थोडेफार असतात आणि ज्यांतील प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प असतो. दुसऱ्या अभ्यासात २४,२४८ रुग्ण आणि ९७,३२२ निरोगी व्यक्ती यांची जनुके अक्षरशः वाचण्यात आली. तेथे १० जनुके अशी सापडली की त्यांत गंभीर बिघाड असेल तर आजाराची शक्यता तीन पटींपासून पन्नास पटींपर्यंत वाढते. सेट-डी-१-ए, ग्रिन-२-ए, ट्रायो ही त्यांतील काही नावे. मेंदूतील पेशी परस्परांना संदेश कसा देतात, याच्याशी यांतील अनेक जनुकांचा संबंध आहे. परंतु असे बिघाड फारच थोड्या रुग्णांत आढळतात. म्हणूनच त्यांना दुर्मीळ बदल म्हणतात.

ते दुर्मीळ का राहतात, यालाही कारण आहे. ज्या बदलाने तरुणपणीच गंभीर आजार होतो, त्या बदलाच्या धन्याचे लग्न, संसार, मुलेबाळे कमी होतात. पिढ्यान्‌पिढ्या असा बदल आपोआप गळून पडतो. मग तो पुन्हा येतो कोठून? तो नव्याने निर्माण होतो. प्रत्येक बाळाच्या जनुकसंचात साधारण साठ ते सत्तर अक्षरे अशी असतात की जी ना आईत असतात ना वडिलांत. नक्कल उतरविताना लेखनिकाच्या हातून झालेल्या चुकांसारखे हे आहे. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. क्वचित एखादी मोक्याच्या जागी पडते. वडिलांचे वय जितके अधिक, तितक्या या नव्या चुका थोड्या अधिक.

‘आपल्या घराण्यात असले कधी नव्हते’ हे आजीचे म्हणणे त्यामुळे खरे असू शकते, आणि तरीही सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्यास त्यात काडीचाही आधार नाही.

फाटलेले एक पान

दुर्मीळ बदलांतील सर्वांत परिचित उदाहरण बाविसाव्या गुणसूत्रावरचे आहे. या गुणसूत्राच्या एका भागातील सुमारे तीस लाख अक्षरे काही बालकांत जन्मतः गळालेली असतात. तीनशे कोटींपुढे तीस लाख म्हणजे हजारात एक भाग. पण त्या तुकड्यात चाळीसच्या आसपास जनुके आहेत. काही हजार जन्मांमागे एका बालकात ही त्रुटी असते. अशा दहा बालकांपैकी साधारण नऊ बालकांत ती नव्याने निर्माण झालेली असते. आई-वडिलांत तिचा मागमूस नसतो.

अशा बालकाच्या हृदयात जन्मजात दोष असू शकतो, टाळू दुभंगलेली असते किंवा बोलणे नाकातून येते, रक्तातील कॅल्शियम कमी होऊन झटके येतात, वारंवार संसर्ग होतो, शाळेत गणित जमत नाही. आणि मोठेपणी अशा चार जणांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया किंवा त्यासारखा आजार होतो. सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की पान फाटलेले असूनही चारांपैकी तिघांना हा आजार होत नाही. दुसरी ही की निदान झाल्याने उपचार बदलतात. कॅल्शियमची तपासणी नियमित होते, हृदयाकडे लक्ष राहते, आणि मनोविकाराची औषधे देताना झटक्यांची शक्यता ध्यानात घेऊन डॉक्टर औषध व मात्रा निवडतात. घरच्यांना कळते की हा मुलगा ‘मंद’ किंवा ‘हट्टी’ नाही. त्याच्या लहानपणच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचे आणि आजच्या भासांचे मूळ एकच आहे. अनेक कुटुंबांना एवढ्यानेच हायसे वाटते.

आणखी काही गुणसूत्रांवर असेच तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले आढळतात. स्किझोफ्रेनियाच्या शंभर रुग्णांत असे दोन-तीनच असतात. परंतु आजाराबरोबर बुद्धिमांद्य, अपस्मार, जन्मजात हृदयदोष किंवा टाळूचा दोष असेल, अथवा अगदी कोवळ्या वयात आजार सुरू झाला असेल, तर शक्यता वाढते. अशा वेळी ‘मायक्रोअ‍ॅरे’ नावाची गुणसूत्रतपासणी करावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मुंबईतील एक जुना धडा

मनाचा वाटणारा आजार एका दुर्मीळ जनुकबदलामुळे होतो आणि औषधाने आवरताही येतो, याचे उत्तम उदाहरण विल्सन रोग हे आहे. ब्रिटिश मेंदुतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. भारतात या रोगाचा पायाभूत अभ्यास मुंबईत झाला. जे. जे. रुग्णालयात मेंदुविकार विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. दाराब दस्तूर यांनी भारतीय कुटुंबांतील विल्सन रोगावरचा शोधनिबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध केला.

या रोगात तांबे शरीराबाहेर टाकण्याचे काम करणारे जनुक बिघडलेले असते. अन्नातून येणारे तांबे यकृतात आणि मग मेंदूत साचत जाते. मुलगा वा मुलगी बहुधा शालेय किंवा महाविद्यालयीन वयाची असते. अक्षर बिघडते, हात कापतो, तोंडातून लाळ गळते, अभ्यासात घसरण होते. स्वभाव बदलतो, चिडचिड वाढते, कधी भास होतात, कधी नैराश्य येते. कित्येकांना पूर्वी कावीळ होऊन गेलेली असते. घरच्यांना वाटते मुलगा बिघडला. शिक्षकांना वाटते लक्ष देत नाही. डोळ्याच्या बाहुलीभोवती तांब्याचे तपकिरी-हिरवट कडे दिसू शकते, ते नेत्रतज्ज्ञ यंत्राने पाहतात. रक्त व चोवीस तासांच्या लघवीची तपासणी केली की निदान पक्के होण्यास मदत होते.

यावर पेनिसिलामिन, झिंक यांसारखी औषधे आहेत. ती जन्मभर घ्यावी लागतात, पण वेळीच सुरू झाली तर माणूस शिकतो, दुकान सांभाळतो, संसार करतो. उशीर झाला तर मेंदूची हानी भरून येत नाही. तांब्याच्या हंड्यातील पाणी आरोग्यदायी म्हणून आपल्याकडे आवर्जून पितात. या रुग्णांनी मात्र ते टाळावयाचे असते. सुकामेवा आणि चॉकलेट यांतही तांबे बरेच असते, म्हणून त्यांविषयीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो.

या रोगाचा वारसा वेगळ्या तऱ्हेने चालतो. आई आणि वडील दोघांकडेही बिघडलेली एकेक प्रत असते. दुसरी प्रत चांगली असल्याने त्यांना स्वतःला काहीच होत नाही. त्यांच्या प्रत्येक अपत्यात दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून एका मुलाला विल्सन रोग आहे असे कळताच त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी तातडीने करावी. लक्षणे दिसण्यापूर्वीच औषध सुरू झाले तर रोग रोखता येतो. लपविण्याची किंमत येथे सर्वांत स्पष्ट दिसते. थोरल्याचा आजार गुप्त ठेवला तर धाकटीची तपासणी होत नाही.

व्यापारी समाजांची कहाणी

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. आपण पिढ्यान्‌पिढ्या समाजातच सोयरीक करतो. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील समाजगटांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या २६३ समाजांपैकी ८१ समाज असे निघाले की ते फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आहेत आणि पुढे आपसांतच विवाह करीत राहिले आहेत. अशा समाजात एखाद्या पूर्वजाकडचा दुर्मीळ बदल अनेक घरांत पसरलेला असतो. दोन्ही बाजूंनी तो एकत्र आला तर अप्रभावी प्रकारचे आजार, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारे आजार, दिसू लागतात. गोत्र टाळल्याने हा धोका काही प्रमाणात कमी होतो. परंतु समाजच लहान असेल तर वेगळ्या गोत्रांतही पूर्वज सामाईक असू शकतात. मराठवाड्यातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची रीत आहे. तेथे ही शक्यता आणखी वाढते.

या अभ्यासात आंध्र-तेलंगणातील वैश्य या व्यापारी समाजाचा उल्लेख येतो. नांदेड-परभणीच्या बाजारपेठेत आर्यवैश्य म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेही याच परंपरेतील. या समाजात एका विकराची उणीव इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. तिचा रोजच्या जगण्यात काहीच त्रास नाही. पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारे एक विशिष्ट औषध दिले तर माणूस बराच वेळ श्वास घेऊ शकत नाही. हे माहीत असलेला भूलतज्ज्ञ ते औषध टाळतो आणि प्रश्न सुटतो. अग्रवाल समाजातील बालकांत डोके मोठे होणे, चालताना तोल जाणे, झटके येणे असा मेंदूचा एक विकार आढळतो. त्याकडे मुंबईचे मेंदुतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांनी लक्ष वेधले. पुढे त्यामागचा एकच सामाईक जनुकबदल सापडला आणि आज त्याची तपासणी करता येते. या दोन्ही समाजांची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही. उलट माहितीमुळे त्यांच्या लेकरांचे रक्षण झाले.

मात्र येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. विल्सनसारख्या आजारांत वाहक कोण हे तपासून सांगता येते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर म्हणजे द्विध्रुवी विकार, तीव्र नैराश्य यांचे तसे नाही. त्यांत शेकडो लहान बदल, क्वचित एखादा मोठा बदल, आणि त्याबरोबर गर्भावस्थेतील व प्रसूतीवेळचे अडथळे, बालपणचे आघात, गांजासारखी व्यसने असे अनेक घटक मिळून आजार घडतो. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधक सांगतील की एकाच थैलीतील सरकी काळ्या कसदार रानात वेगळी उगवते आणि बरड माळावर वेगळी. एकसारख्या जुळ्या भावांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. तरी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आत-बाहेरच असते.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत, ज्या कुटुंबांत एकाहून अधिक व्यक्तींना गंभीर मनोविकार आहे अशा कुटुंबांचा अभ्यास तेथील इतर जीवशास्त्र संस्थांच्या साहाय्याने चालू आहे. अशा कुटुंबांच्या जनुकवाचनावरचा त्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतर मेंदूविकारांशी आधीच जोडल्या गेलेल्या जनुकांत दुर्मीळ बदल आढळले. रुग्ण व त्यांचे निरोगी नातलग यांच्या रक्तपेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी वाढवून, त्यांत नेमका कोणता फरक पडतो हेही तेथे पाहिले जाते. अशा कामात कुटुंबाने स्वखुशीने दिलेले काही थेंब रक्त पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडते.

जगातील आजवरच्या जनुकसंशोधनात युरोपीय वंशाचे लोकच फार होते. त्यामुळे भारतीय माणसाची तपासणी केली की कित्येकदा ‘या बदलाचा अर्थ निश्चित नाही’ असा अहवाल येतो. आपल्या देशातील १,०२९ व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा सापडलेल्या बदलांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश बदल जगाच्या नोंदींत नव्हतेच. म्हणून विवाहापूर्वी ‘मनोविकाराची जनुकचाचणी’ करून देतो असे कोणी सांगितले तर त्यावर पैसा खर्च करू नये. त्या अहवालाने कोणाचेही भविष्य कळत नाही. चांगली स्थळे मात्र मोडतात.

उपवास, रात्रिभोजनत्याग आणि औषध

आपल्या घरांपुरता एक व्यावहारिक विषय येथे सांगणे अगत्याचे आहे. द्विध्रुवी विकारासाठी लिथियम हे जुने व गुणकारी औषध आहे. २०२२ मध्येच या विकाराच्या सुमारे १४ हजार रुग्णांच्या अभ्यासात एकॅप-११ या जनुकातील दुर्मीळ बदल पुढे आला. हे जनुक ज्या प्रथिनाशी निगडित आहे, त्याच प्रथिनावर लिथियमचा प्रभाव पडतो असे मानले जाते. दुर्मीळ बदलांच्या शोधातून औषध कसे काम करते याचा धागा हाती लागतो, तो असा.

लिथियम घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातील पाणी कमी झाले तर रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते आणि ते विषासमान ठरू शकते. हातांचा कंप वाढणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत. म्हणून अशा व्यक्तीने पर्युषणात किंवा दशलक्षणात निर्जल उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर विशेष जपावे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम असेल तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. बहुतेक औषधांच्या वेळा दिवसात बसवता येतात. नियमाखातर गोळी चुकविणे आणि डॉक्टरांपासून ते लपविणे, हे दोन्ही घातक आहे.

पोर्फिरिया नावाच्या आणखी एका दुर्मीळ वारशात दीर्घ उपवासानेच झटका येतो. पोटात तीव्र वेदना, लघवीचा गडद लालसर रंग आणि त्याबरोबर भ्रम किंवा भास अशी त्याची लक्षणे असतात. तपश्चर्येच्या काळात कोणास असे झाले तर ‘तप सोसले नाही’ म्हणून सोडून न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही वारंवार आढळते. तिनेही विसराळूपणा, उदासी, क्वचित भ्रम होतो. हा वारशाचा आजार नव्हे. साध्या रक्ततपासणीने तो कळतो आणि औषधाने सुधारतो.

सोयरिकीच्या वेळी

‘घरात एकाला हा आजार आहे, तर इतरांच्या लग्नाचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे हे बरे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या सख्ख्या भावा-बहिणीला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण नऊ असते. म्हणजे एक्याण्णव जण निरोगी राहतात. आई वा वडिलांपैकी एकाला असेल तर अपत्यास ती साधारण दहा ते तेरा असते. पुतणे-भाचे यांना याहून पुष्कळ कमी. शिवाय हा आजार बहुधा पंधरा ते तीस या वयात सुरू होतो. पस्तिशी ओलांडलेल्या निरोगी बहिणीला उरलेला धोका फारच थोडा असतो. आणि बहुसंख्य रुग्णांच्या आई-वडिलांपैकी कोणालाही हा आजार नसतो. त्यामुळे ‘स्वच्छ घराणे’ शोधणाऱ्यालाही कसलीच हमी मिळत नाही.

ज्या व्यक्तीला स्वतःला आजार आहे, तिच्या विवाहाच्या वेळी मात्र तो लपवू नये. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात फसवणुकीने मिळविलेली संमती हे विवाह रद्द होण्याचे कारण ठरू शकते. कायद्याहून मोठी गोष्ट अशी की लपविलेल्या आजाराच्या गोळ्या सासरी चोरून घ्याव्या लागतात, मग त्या सुटतात, आणि आजार उलटतो. दोन्ही घरांनी डॉक्टरांसमोर बसून मोकळेपणी बोलून केलेले विवाह टिकण्याची शक्यता अधिक. लग्न लावून दिले की बरा होईल, ही समजूत तर पूर्णपणे सोडून द्यावी.

घराने काय करावे

पहिले काम, घराची आरोग्य-खतावणी लिहावी. तीन पिढ्यांतील कोणाला कोणत्या वयात कोणता आजार झाला, कोणाला जन्मजात दोष होता, कोण लहानपणी गेले, कोणाचे सोयरिकीचे नाते जवळचे होते, हे आजी-आजोबा आहेत तोवर विचारून ठेवावे. जनुकतज्ज्ञ सर्वप्रथम हाच कागद मागतो.

दुसरे, झोप उडणे, संशय, भास, स्वभावातील अचानक बदल अशी लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर वाट पाहू नये. उपचारांस जितका उशीर, तितकी सुधारणा अवघड. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मनोविकारग्रस्तांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात तपासणी व औषधांची तरतूद आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते. नाव सांगण्याचा संकोच असणाऱ्यांना तेथून आरंभ करता येईल. जनुकीय समुपदेशनासाठी मात्र हैदराबाद, पुणे वा मुंबईसारख्या शहरात जावे लागेल, आणि तेही मनोविकारतज्ज्ञाने सुचविले तरच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आरोग्यविमा देणाऱ्या कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावयाचे आहे, हेही व्यापारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे, रुग्णाला नेमगिरीला दर्शनास न्यावे, घरातील धर्मकार्यात सहभागी करून घ्यावे, झेपेल तेवढे दुकानाचे काम द्यावे. या सर्वाने मनाला उभारी येते. परंतु औषध बंद करून यांतील काहीही करू नये.

मूळ धुळ्याचे आणि कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपविले नाही. पुण्यात रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभी केली आणि २००४ मध्ये आलेल्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटाला पाठबळ दिले. एका घराने तोंड उघडले म्हणून महाराष्ट्रातील हजारो घरांना या आजाराचे नाव उच्चारण्याचे धैर्य आले.

‘पूर्वकर्माचे फळ’ असे म्हणून आपण पुष्कळदा हात टेकतो. परंतु कर्मसिद्धांत सांगणाऱ्या आपल्याच परंपरेने पुरुषार्थही सांगितला आहे, आणि रुग्णाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. आपल्या परंपरेने सांगितलेल्या चार दानांत औषधदान आहे आणि अभयदानही आहे. पुण्याहून परतलेल्या त्या मुलाला या दोन्हींची गरज आहे. आधी डॉक्टरांकडे जाण्याची वाट त्याला मिळावी, आणि मग ‘तू या घराचा आहेस, तुझ्या आईचा यात काही दोष नाही’ हे सर्वांसमक्ष, मोठ्या आवाजात सांगितले जावे. बहिणीच्या लग्नाची तारीख त्यानंतरही काढता येईल.